सात घरं, एक चौक आणि डोंगराचं पाणी : बेलापूरच्या पायथ्याशी घडलेलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

नवी मुंबईत, सीबीडी बेलापूरच्या सेक्टर ८ मध्ये, पारसिक डोंगराच्या पायथ्याला आर्टिस्ट व्हिलेज आहे. सिडको या नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळासाठी वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी आखलेली ही वसाहत १९८३ ते १९८६ या काळात उभी राहिली. वास्तुकलेचे विद्यार्थी अजूनही ती बघायला येतात, चौकात बसून रेखाटनं करतात. इथे राहणाऱ्यांना त्याचं कौतुक आहे, पण त्यांच्या रोजच्या अडचणी निराळ्या. त्यांतल्या एकीची ही हकिगत. कुणाची ओळख पटू नये म्हणून घरांचे आणि माणसांचे काही तपशील बदलले आहेत. पाण्याच्या पातळ्यांचं काम बघायला मला तिथे बोलावलं होतं, तेव्हापासून मी या चौकाशी जोडलेली आहे.

आधी थोडा इतिहास सांगायला हवा. मुंबईची गर्दी खाडीपलीकडे वळवावी, ही कल्पना १९६० च्या दशकात कोरिया, वास्तुविशारद प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल यांनी मांडली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी या नव्या शहरासाठी घेतल्या गेल्या. त्या जमिनींच्या मोबदल्यासाठी शेतकऱ्यांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा दिला, १९८४ च्या जानेवारीत जासईच्या आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले आणि पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. म्हणजे बेलापूरच्या पायथ्याला ही देखणी घरं उभी राहत होती, त्याच काळात आजूबाजूच्या गावांत माणसं आपल्या जमिनीसाठी झगडत होती. वसाहतीचा इतिहास सांगताना हा भाग बहुतेक वेळा गाळला जातो. तो गाळू नये, असं मला मनापासून वाटतं. या प्रकरणात तर तो थेट कामाला आला.

आता वसाहतीची आखणी. सात घरं एका चौकाभोवती. चौक साधारण आठ मीटर लांब, आठ मीटर रुंद. असे तीन चौक एकत्र येऊन एकवीस घरांचा गट होतो आणि त्या गटाला बारा मीटर लांबी-रुंदीचा मोठा चौक मिळतो. पुढे गटांचे गट आणि सगळ्यांच्या मधून डोंगरावरचं पावसाचं पाणी वाहून नेणारा ओढा. भूखंड मुद्दाम लहान ठेवलेले, ४५ ते ७५ चौरस मीटर. कमी पगाराचं कुटुंब आणि बऱ्या पगाराचं कुटुंब यांच्या घरांत फार फरक दिसू नये, हा त्यामागचा हेतू. दोन घरांत सामाईक भिंत नाही, फक्त न्हाणीघरं जोडीनं पाठीला पाठ लावून बांधलेली. त्यामुळे शेजाऱ्याला धक्का न लावता, पैसे येतील तसं ज्याला त्याला घर वाढवता येतं. सुरुवातीची घरं साधी होती. विटांच्या भिंती, उतरती कौलारू छपरं आणि भूखंडातच एक मोकळं अंगण.

नावाप्रमाणे काही चित्रकार-शिल्पकार इथे राहायला आले, पण बरीच वस्ती नोकरदारांची झाली. त्यांतले काही बेलापूरच्याच कोकण भवनातल्या सरकारी कार्यालयांत कामाला होते, काही खाडी ओलांडून मुंबईला जायचे. लोकल वाशीपर्यंत आली ती १९९२ मध्ये, बेलापूरला त्याच्या पुढच्या वर्षी. तोवर संध्याकाळी उशिरा घरी पोचणाऱ्यांची मुलं चौकातल्या कुणाच्याही घरात जेवून झोपलेली असायची. ज्या चौकाची ही गोष्ट आहे तिथे आजही मे महिन्यात एकाच चादरीवर तीन घरांचे पापड वाळतात. मालवणी कुटुंबाचा पाच दिवसांचा गणपती असतो आणि आरतीला सातही घरांतून एकेक ताम्हण येतं. होळी चौकाच्या मधोमध पेटायची, पुढे फरशी घातल्यावर ती बाहेरच्या मोठ्या चौकात गेली. पावसाळी रविवारी मागच्या डोंगरातल्या धबधब्यांकडे जाणाऱ्यांची रांग लागते. ते लोक वाट चुकून चौकात शिरतात आणि मग कुणीतरी काकू त्यांना बाहेरचा रस्ता दाखवतात.

सात घरांची ओळख थोडक्यात करून देते. एका कोपऱ्यात निवृत्त शिक्षिका असलेल्या आजी एकट्या राहतात. त्यांचं घर जवळपास मूळचंच आहे, एकमजली. त्यांच्या शेजारी बँकेतून निवृत्त झालेले काका, गुडघ्यांनी बेजार. मग एक चित्रकार दांपत्य, मालवणी कुटुंब, पाच-सहा वर्षांपूर्वी घर विकत घेऊन पाडून तळमजल्यावर दोन मजले बांधलेलं एक तरुण जोडपं आणि जवळच्याच मूळ गावातून आलेलं एक आगरी कुटुंब. या कुटुंबातल्या आजोबांनी या पायथ्याला लहानपणी भातशेती केलेली आहे. सातवं घर भाड्यानं दिलेलं. मालक परगावी, भाडेकरू एक नर्स आणि तिचं कुटुंब.

अडचण

जुलैतल्या एका रात्री आजींच्या घरात पाणी शिरलं. सकाळपर्यंत पलंगाखालच्या ट्रंका भिजल्या, त्यांत वर्गांचे जुने फोटो होते. पाणी काढलं, घर पुसलं. आठवड्याभरात पुन्हा तेच. त्या पावसाळ्यात हे इतक्यांदा झालं की नर्सताई ड्यूटीवरून आल्यावर आधी आजींच्या दारात टॉर्च मारून बघायच्या आणि मगच आपल्या घरात जायच्या.

आजींचा मुलगा डोंबिवलीला असतो. त्याचं म्हणणं सरळ होतं. "आई, विकून टाक. त्या पैशात माझ्याजवळ वन बीएचके येईल." आजींना जायचं नव्हतं. चौकातल्या लोकांनाही त्या जायला नको होत्या, पण पाणी का येतं यावर सात घरांची सात मतं. कुणी म्हणालं गटार तुंबलंय. कुणी म्हणालं डोंगरावरची झाडी गेली म्हणून पाणी वाढलंय. काहींनी चौकात उभ्या असलेल्या दोन मोटारींकडे बोट दाखवलं, कारण एकीचं चाक बरोबर गटाराच्या जाळीवर यायचं.

पहिली बैठक याच मुद्द्यावर फिसकटली. बँकवाले काका चिडून म्हणाले, "माझ्या गाडीमुळे आजींच्या घरात पाणी शिरतं, असं म्हणायचंय का तुम्हाला?" तसं कुणीच म्हणालेलं नव्हतं. पण बैठकीचा विषयच ‘चौकातल्या गाड्या’ असा कळवला होता, त्यामुळे ज्यांच्या गाड्या आहेत ते बचावाच्या तयारीनंच आले होते. तासाभरात लोक उठून गेले. त्या बैठकीत आगरी आजोबा एकदाच बोलले होते. "इथं आमची भातखाचरं होती. वरच्यानं बांध फोडायच्या आधी खालच्याला इचारायचा." जुन्या आठवणी म्हणून सगळ्यांनी मान डोलावली आणि विषय पुढे सरकला.

कारणाचा शोध

गटार साफ करून झालं, तरी पाणी शिरलंच. तेव्हा पातळ्या मोजायचं ठरलं. हा या प्रकरणातला पहिला खरा निर्णय. तो सुचवला चित्रकारबाईंनी, आणि त्यांची अट अशी की मोजायला सातही घरांतलं कुणी ना कुणी हजर हवं.

पावसानं उघडीप दिल्यावर एका रविवारी गवंडी आला. त्याच्याजवळ गवंडीकामात वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाइप होता. पाण्यानं भरलेला, बोटाएवढा जाड, चौकभर पुरेल एवढा लांब. दोन्ही टोकांतलं पाणी एकाच पातळीला राहतं, एवढंच त्याचं तत्त्व. गवंड्यानं एक टोक बँकवाल्या काकांच्या हातात दिलं. "हलू नका काका. बुडबुडा राहिला तर माप चुकंल." काकांनी श्वास रोखून पाइप भिंतीला धरला आणि दुसरं टोक घेऊन गवंडी दारोदार फिरला. प्रत्येक उंबऱ्याजवळ एकाच पातळीची खडूची रेघ. त्या रेघेपासून उंबरा किती खाली आणि चौकाची फरशी किती खाली, हे नर्सताईंच्या मुलीनं वहीत लिहून घेतलं. ज्यांच्या गाडीवरून भांडण झालं होतं त्याच माणसाच्या हातात पाइपचं एक टोक होतं. माझ्या मते तिथून वारं फिरलं.

आकडे साधे होते. नव्यानं बांधलेल्या घराचा उंबरा चौकापेक्षा तीस इंच वर. बाकीची घरं सहा ते वीस इंच वर. आणि आजींच्या घराची जमीन चौकापेक्षा दोन इंच खाली.

आजी म्हणाल्या, "मी राहायला आले तेव्हा दोन पायऱ्या चढून घरात यायचे. आता घराबाहेर पडायला चढावं लागतं." खात्री करायला त्यांच्या दाराजवळचे चार पेव्हर ब्लॉक उचलून पहारीनं खोदलं. वर तीन इंचांचे ब्लॉक आणि त्याखाली दोन इंच खडीचा चुरा. त्याखाली चार इंचांचा सिमेंटचा कोबा, मग पाच इंच मुरूम. त्याखाली मूळच्या शहाबादी फरशीचा तुकडा सापडला. चौदा इंच. आजींचं घर कधीच खचलं नव्हतं. चौकच वर चढत गेला होता आणि त्यांचं घर वाटीच्या तळाशी राहिलं होतं.

हे कुणी एकानं मुद्दाम केलं नव्हतं. घर नव्यानं बांधताना पाण्याच्या भीतीनं जो तो जोतं वर घेतो. मग दारासमोर खड्डा वाटतो म्हणून तिथे मुरूम पडतो. होळीची राख, चिखल नको म्हणून एका वर्षी वर्गणी काढून कोबा झाला. पुढे स्थानिक निधीतून पेव्हर ब्लॉक फुकट बसवून मिळाले, तेव्हा ते आहे त्याच्यावरच बसले. जुनं उखडून मग बसवा, असं सांगायला कुणी नव्हतं. शिवाय मोटारी सरळ उभ्या राहाव्यात म्हणून चौक सपाट केला गेला आणि ओढ्याकडे असलेला मूळचा उतार गेला. फूटभर रुंद उघडं गटार होतं, त्याच्या जागी जमिनीखालून चार इंची पाइप आला. तो उघडून पाहिला तेव्हा निम्मा गाळानं भरला होता.

आता पाण्याचं गणित. मुसळधार पावसात तासाभरात शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर चौकाच्या ६४ चौरस मीटरवर ६,४०० लिटर पाणी पडतं. एवढंच पाणी असतं तर चार इंची पाइपनंही वेळ निभावून नेली असती. पण पूर्वी प्रत्येक घराला मातीचं अंगण होतं आणि पागोळ्यांचं बरंचसं पाणी तिथे पडून मुरायचं किंवा सावकाश बाहेर यायचं. आता बहुतेक भूखंड कडेपासून कडेपर्यंत बांधलेले, वर काँक्रीटचा स्लॅब, आणि गच्चीचे पाइप थेट चौकात सोडलेले. सात भूखंड मिळून सव्वाचारशे चौरस मीटरच्या आसपास धरले तर तासाला सुमारे ४२ हजार लिटर आणखी. म्हणजे एका तासात दहा हजार लिटरचे जवळपास पाच टँकर त्या आठ मीटरच्या चौकात रिकामे होतात, तेही चौकाला उतार नसताना. हे गणित मी फळ्यावर मांडलं तेव्हा तरुण जोडप्यातला नवरा स्वतःहून म्हणाला, "यातलं सगळ्यात मोठं छप्पर आमचं आहे."

पर्याय

दुसरी बैठक गणपतीनंतर झाली. या वेळी विषय कळवला होता, ‘चौकाची पातळी’.

पहिला पर्याय आजींच्या घराची जमीन भरून वर घेण्याचा. दीड फूट भराव घातला की पाण्याचा प्रश्न मिटतो. पण मूळचं छत बेतास बात उंचीचं, दारं साडेसहा फुटांची. भराव घातल्यावर घरात वाकून चालावं लागलं असतं. दारं, ओटा, न्हाणीघर, सगळं नव्यानं करायचं आणि तो भार एकट्या आजींवर. शिवाय ते पाणी मग पुढच्या सखल उंबऱ्याकडे, म्हणजे बँकवाल्या काकांकडे वळलं असतं. काकांनी हे पातळ्यांच्या वहीत स्वतःच शोधून दाखवलं.

दुसरा पर्याय सगळ्यात सोपा होता. आजींच्या दाराला फूटभर उंचीचा सिमेंटचा बांध घालायचा आणि आत एक छोटी मोटर ठेवायची. खर्च नगण्य, काम एका दिवसाचं. पण जोराच्या पावसात वीज गेली की मोटर बंद आणि अंधारात बाहेर पडताना सत्तरी ओलांडलेल्या बाईला तो बांध ओलांडायचा. हा पर्याय मालवणी काकूंनी एका वाक्यात मोडीत काढला. "आजी पडल्या तर आपण काय तोंड दाखवायचं?"

शोषखड्ड्याची सूचना तरुण जोडप्याची. चांगली सूचना, पण इथे ती चालण्यासारखी नव्हती. पारसिकचा डोंगर काळ्या बसाल्टचा आहे, पायथ्याला तीन-चार फुटांखाली मुरूम आणि मग कातळ लागतो. जुलैपर्यंत वरची माती भिजून तुडुंब झालेली असते. जून महिन्यात मुरणारं पाणी जुलैत मुरत नाही आणि आपल्याला गरज असते नेमकी जुलैत.

आजींनी घर विकावं, हा पर्याय बैठकीत कुणी मोठ्यानं मांडला नाही. पण तो होता. एका दलालाची चौकशीही येऊन गेली होती. आजींनीच तो विषय काढला. "मी गेले तर नवा मालक जोतं तीन फूट वर घेईल. मग पुढची पाळी कोणाची?" आणि त्यांनी काकांकडे पाहिलं.

राहिला शेवटचा पर्याय, चौक पुन्हा खाली नेण्याचा. ब्लॉक, कोबा, मुरूम उखडायचा, ओढ्याकडे उतार द्यायचा, जाळीचं उघडं गटार करायचं. हा सगळ्यात खर्चाचा आणि त्रासाचा, कारण यात सातही घरांना काहीतरी सोडावं लागत होतं. गाड्या बाहेर जाणार. प्रत्येकाच्या दाराला एक-दोन पायऱ्या वाढणार. गुडघ्यांच्या दुखण्यानं बेजार काकांनी तर पायऱ्या चढाव्या लागू नयेत म्हणून आपलं घर चौकापेक्षा सहाच इंच वर बांधलं होतं. आजींची सोय म्हणजे काकांची गैरसोय, हे कुणालाच झाकता येत नव्हतं आणि झाकलंही नाही.

निर्णय आणि काम

मला वाटतं या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट या टप्प्यावर घडली. बैठक गाड्यांच्या वादाकडे पुन्हा घसरू लागली तेव्हा चित्रकारबाईंनी विचारलं, "आधी हे ठरवू या, चौक कशासाठी आहे?" लोकांनी सांगितलं ते त्यांनी कागदावर लिहिलं. गणपती, पापड, मुलांचं खेळणं, लग्नाची हळद, मयताच्या वेळी बसायची जागा, पाणी वाहून जाणं. गाड्या उभ्या करणं हे त्या यादीत आलं, पण सगळ्यात शेवटी, आणि ज्यांच्या गाड्या होत्या त्यांनीच ते शेवटी सांगितलं. सातही घरांच्या कागदपत्रांत फक्त आपापला भूखंड आहे. चौक कुणाच्याच नावावर नाही. तो टिकायचा तर तो कशासाठी हे सगळ्यांच्या तोंडून एकदा निघायला हवं होतं.

चौक खाली न्यायचं ठरलं. पूर्ण चौदा इंच खोदता येणार नव्हते, कारण मधल्या वर्षांत टाकलेली नळाची लाइन आणि वर उचललेलं सांडपाण्याचं चेंबर आडवं येत होतं. नऊ इंचांवर तडजोड झाली. त्यानं आजींची जमीन चौकापेक्षा सात इंच वर येत होती. मूळचा एक फूट काही परत मिळाला नाही.

काकांसाठी त्यांच्या दाराशी रॅम्प आणि दोन्ही बाजूंनी कठडा करायचं ठरलं. तो रॅम्प चौकात चार फूट घुसतो. चौकात कुणी पायरी पुढे आणायची नाही, हा नियम त्याच बैठकीत झाला होता आणि त्याला लगेच अपवाद करावा लागला. मला तो अपवाद योग्य वाटतो. फक्त तो अपवाद का केला हे त्याच कागदावर लिहून ठेवलं हे बरं झालं. नाहीतर पुढे कुणीही म्हणालं असतं की काकांनी केलं, मग मी का नाही.

वर्गणीवर थोडं अडलं. गच्चीच्या क्षेत्रफळाप्रमाणे वाटणी करावी, हे माझं मत होतं, कारण पाणी छपरावरूनच येतं. लोकांनी सात समान वाटे पसंत केले. वादाला जागा नको, हे त्यांचं कारण. आजींना वगळावं असंही सुचवलं गेलं, पण त्यांनी पाकीट सगळ्यांच्या आधी आणून दिलं. परगावच्या मालकानं फोन उचलायचं टाळलं. भाडेकरूंवर तो भार टाकणं बरोबर नव्हतं. शेवटी सातवा वाटा तरुण जोडप्यानं उचलला, आपली गच्ची मोठी आहे हे कारण देऊन.

संबंधित कार्यालयात अर्ज दिला. उत्तर यायला वेळ लागला, पण होळीनंतर काम सुरू करता आलं. कोबा फोडायला दोन दिवस ब्रेकर चालला. राडारोडा घमेल्यानं बाहेर काढावा लागला, कारण गल्लीत टेम्पो शिरत नाही. आगरी कुटुंबातल्या मुलानं आपला टेम्पो गल्लीच्या तोंडाशी उभा करून खेपा मारल्या. खणताना निघालेल्या शहाबादी फरशीचे धड तुकडे वेगळे काढले. ते आता चौकाच्या कडेनं बसवलेत, बाकीचा चौक सांध्यात माती ठेवून दगडी फरशीचा केला. मध्यभागी हातभर जागा उघडी सोडली. तिथे पुन्हा होळी पेटते.

निष्पत्ती

त्या पावसाळ्यात आजींच्या घरात पाणी शिरलं नाही. एका रात्री पाणी उंबऱ्याच्या बोटभर खाली आलं होतं. जाळीवर पिंपळाची पानं साचली होती. नर्सताईंच्या मुलीनं ती काढली आणि पाच मिनिटांत चौक रिकामा झाला. त्यानंतर पावसाळ्यात जाळी साफ करायची पाळी लावली, आणि त्या पाळीचा तक्ता आगरी घराच्या भिंतीवर अजून आहे.

दोन्ही मोटारी बाहेरच्या रस्त्यावर गेल्या. दिवाळीनंतर त्यांतली एक रात्रीपुरती परत येऊ लागली. यावर अजून बोलणं झालेलं नाही.

ऑगस्टमध्ये मात्र खालच्या चौकातले दोघे जण भेटायला आले. त्यांच्याकडे यंदा पाणी जास्त चढलं होतं. वरच्या चौकातून पूर्वी तुंबून तुंबून येणारं पाणी आता उताराला लागून एकदम खाली येत होतं आणि त्यांच्या चौकाचा बाहेर जायचा मार्ग तसाच अरुंद होता. आगरी आजोबांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं ते हेच. या उतारावर शेती होती तेव्हा वरच्या खाचराचा बांध फोडण्याआधी खालच्याला कळवायची रीत होती, कारण उभं पीक वाहून जायचं ते खालच्याचं. डोंगर तोच आहे आणि पाण्याची वाटही तीच. खाचरांच्या जागी चौक आले एवढंच.

काय वेगळं करता आलं असतं

खालच्या चौकातल्या लोकांना दुसऱ्या बैठकीपासूनच बोलवायला हवं होतं. कोरियांची आखणी नीट पाहिली तर सात घरं, मग एकवीस घरं, मग ओढा ही माणसांच्या शेजाराची रचना आहे आणि तीच पाण्याची वाटही आहे. लहान चौकाचं पाणी मोठ्या चौकात, तिथून ओढ्याला. दुरुस्तीही त्याच क्रमानं, पण खालून वर यायला हवी होती. आधी ओढ्याकडचं तोंड मोकळं, मग मोठा चौक, मग लहान. पावसाळ्याआधी आजींचं घर वाचवायची घाई होती आणि ती घाई मला समजते. तरी खालच्या चौकातून एकाला पातळ्या मोजायच्या दिवशी नुसतं उभं केलं असतं, तर ऑगस्टमधला त्यांचा त्रास टळला असता.

गच्चीच्या पाण्याचा विचार अर्धवट राहिला. चौक खाली गेला, उतार आला, पण जोराच्या पावसात तासाला चाळीस-बेचाळीस हजार लिटर पाणी तर गच्च्यांवरूनच येतं. प्रत्येक गच्चीच्या पाइपाखाली हजार लिटरची टाकी ठेवली तर सात हजार लिटर पहिल्या जोरात अडतं. मोठ्या पावसात ते फार नाही. पण चौक भरतो तो पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत, गटाराला वेग यायच्या आधी, आणि नेमका तो वेळ टाक्यांमुळे मिळतो. पाणी धुण्याभांड्यांना वापरता येतं हा वरचा फायदा. समान वर्गणीऐवजी गच्चीप्रमाणे वाटणी केली असती तर ज्याची गच्ची मोठी त्याला टाकी बसवण्यात स्वतःचा फायदा दिसला असता.

नळाची लाइन हलवायचा खर्च नको म्हणून नऊ इंचांवर थांबलो. ती लाइन तशीही जुनी झालेली आहे आणि चार-पाच वर्षांत बदलावी लागेल. दोन्ही कामं एकदम केली असती तर मूळची पातळी मिळाली असती. हा मुद्दा बैठकीत पुरेसा तपासला गेला नाही.

जोत्यांचा प्रश्न सगळ्यात अवघड आहे आणि तो उघडाच आहे. पुढचं घर पाडून बांधलं जाईल तेव्हा ते पुन्हा वर चढेल. चौकानं एक पानी कागद केला आहे. त्यावर चौकाची ठरलेली पातळी, ती मोजायची खूण म्हणून काकांच्या कठड्याजवळचा दगड, पायऱ्यांचा नियम आणि त्याचा एकमेव अपवाद लिहिलेला. सहा सह्या आहेत. परगावच्या मालकाची नाही. या कागदाला कायद्याचं बळ नाही. तरी गेल्या वर्षी चित्रकार दांपत्यानं न्हाणीघर दुरुस्त करायला काढलं तेव्हा त्यांच्या कंत्राटदारानं आधी तो दगड बघून माप घेतलं.

सध्या एकवीस घरांची मोजणी चालू आहे. तिन्ही लहान चौक आणि मधला मोठा चौक लेव्हल पाइपनं मोजून झाले, खालच्या चौकातल्या दोन घरांचे उंबरे तेवढे बाकी आहेत. काम ओढ्याच्या टोकापासून सुरू करायचं आणि या वेळी वर्गणी गच्चीच्या मापानं काढायची, हे एकवीसपैकी सतरा घरांनी मान्य केलं आहे. परगावच्या मालकाचं पत्र नर्सताईंनी मिळवलं. सही करायला तो तयार आहे, पैशांचं मात्र अजून बोलायचं आहे.